तत्त्ववेत्ता कांट : एक अध्यापक

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा प्रथम मनात आली ती नावे साहजिकच आपल्या देशातील व आपल्या ज्ञातीतील होती. परंतु त्यांच्याविषयी या पानांतून माझ्यापेक्षा अधिकारी लेखकांनी पुष्कळ लिहिलेले आहे. गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहातील, तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. करणारे तीन विद्यार्थी परीक्षेपूर्वी उजळणीसाठी माझ्याकडे येऊन बसत. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. तेव्हा त्यांना शिकविण्याचा माझा अधिकार नव्हताच. त्यांनी म्हणावयाचे व मी पुस्तक हाती धरून ऐकावयाचे, एवढेच माझे काम. ज्ञान म्हणजे काय, ते कोठून येते, त्याच्या खरेपणाची खात्री कशी पटवावयाची, या ज्ञानमीमांसेतील प्रश्नांची उत्तरे तिघांनाही मुखोद्गत होती. मात्र त्या उत्तरांचा अर्थ विचारला की तिघेही पुन्हा तेच उत्तर अधिक मोठ्याने म्हणून दाखवीत. या उजळणीत ज्या एका गृहस्थाचे नाव पुनःपुन्हा येई, त्याचे चरित्र मी जमेल तेथून मिळवून वाचून काढले. तो गृहस्थ म्हणजे इमॅन्युएल कांट. लोकमान्य टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्याच्या मतांची चर्चा आहे, त्यामुळे मराठी वाचकांस हे नाव अगदीच अपरिचित नाही. परंतु हा जगद्विख्यात तत्त्ववेत्ता एकेचाळीस वर्षे वर्गावर शिकविणारा शिक्षक होता आणि आपला सर्वांत महत्त्वाचा पाठ लोकांस समजला नाही असे दिसताच त्याने तो उतारवयात पुन्हा घेतला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तीच येथे सांगावयाची आहे.

कांटचा जन्म २२ एप्रिल १७२४ रोजी केनिग्सबर्ग येथे झाला. हे शहर त्या वेळी पूर्व प्रशियात होते. बाल्टिक समुद्राजवळ, प्रेगेल नदीच्या काठी वसलेले हे व्यापारी बंदर दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे गेले, व १९४६ पासून त्याचे नाव कालिनिनग्राड असे आहे. त्याचे वडील योहान गेऑर्ग हे घोड्याचा साज, लगाम व चामडी पट्टे तयार करणारे कारागीर. आई आना रेगिना हीदेखील त्याच धंद्यातील घराण्याची मुलगी. नऊ भावंडांतील हा चौथा. घरी शिक्षणाची परंपरा नाही, पैसा नाही. होती ती देवभक्ती, कष्ट आणि सचोटी.

त्या काळी तेथे प्रत्येक धंद्याची स्वतंत्र पंचायत असे, व कोणी कोणते काम करावे याचे नियम ठरलेले असत. साज करणारे व खोगीर करणारे यांच्या पंचायतींत हक्कांवरून मोठा तंटा लागला आणि त्यात कांटच्या वडिलांचा धंदा बराच बसला. तथापि घरात त्या तंट्याविषयी बोलणे निघाले, तरी प्रतिपक्षाबद्दल आईवडिलांच्या तोंडून एकही वावगा शब्द निघत नसे, ही आठवण कांट म्हातारपणीही मोठ्या आदराने सांगत असे. पंचायती आणि त्यांचे तंटे आपणांसही नवीन नाहीत. तेव्हा या आठवणीवर भाष्य करण्याचे कारण नाही.

आई मुलाला गावाबाहेर नेऊन झाडे, वनस्पती दाखवी, रात्री आकाशातील तारे दाखवी. मुलगा बुद्धिमान आहे हे शुल्ट्स नावाच्या धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले व त्याच्या सांगण्यावरून १७३२ साली आठ वर्षांच्या कांटला लॅटिन शाळेत घालण्यात आले. ही शाळा अत्यंत कडक. प्रार्थना, पाठांतर आणि शिक्षा यांतच दिवस सरे. कांटला पुढे त्या दिवसांची आठवण झाली म्हणजे भीती व दुःख वाटे. स्वतः शिक्षक झाल्यावर त्याने पाठांतराचा मार्ग का सोडला, याचे एक मूळ मला येथे दिसते. १७३७ साली आई वारली. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. १७४६ साली वडीलही गेले. दोघांचेही दफन, गरिबांस जी सवलत असे, त्या सवलतीत झाले.

१७४० साली तो केनिग्सबर्ग विद्यापीठात दाखल झाला. तेथे मार्टिन क्नुट्सेन हा तरुण प्राध्यापक त्याला लाभला. त्याने आपल्या संग्रहातील पुस्तके, विशेषतः न्यूटनचे विचार सांगणारी, या गरीब विद्यार्थ्यास वाचावयास दिली. शिक्षकाने दिलेले एक पुस्तक कोठवर जाईल, हे देणाऱ्यास त्या वेळी ठाऊक नसते. कांटचा चांभारकाम करणारा एक मामा, रिख्टर, होता. भाच्याचे पहिले पुस्तक छापून निघावे म्हणून त्याने पदरचे पैसे घातले. याखेरीज कांट बिलियर्डच्या खेळातही चार पैसे मिळवीत असे; हे चरित्रात आहे म्हणून लिहिले, आपल्या वसतिगृहातील मुलांनी ते अनुकरणासाठी घेऊ नये.

वडिलांच्या मृत्यूनंतर शिक्षण अर्धवट टाकून त्याने काही वर्षे खेड्यापाड्यांतील सुखवस्तू घरांत मुलांचा शिक्षक म्हणून काढली. मग परत येऊन १७५५ साली त्याने पदवी घेतली आणि विद्यापीठात शिकविण्याचा परवाना मिळविला. मात्र या परवान्याबरोबर पगार नव्हता. विद्यार्थी जी फी देतील तीवरच पोट भरावयाचे. म्हणून आठवड्याला सोळा, कधी वीस आणि त्याहूनही अधिक तास तो व्याख्याने देई. तर्कशास्त्र, तत्त्वमीमांसा, गणित, पदार्थविज्ञान, नीतिशास्त्र, भूगोल, असे विषयही अनेक. रोज तोच व्यासपीठरूपी ऐरण आणि रोज त्याच ठेक्यात घालावयाचे तेच घण, अशा अर्थाची तक्रार त्याने १७५९ साली एका मित्रास लिहिलेल्या पत्रात केलेली आहे. ज्यांनी एकाच इयत्तेला तीस वर्षे तोच धडा शिकविला आहे, त्यांना यातील सत्य सांगावयास नको. त्याचा अंगरखा इतका जुना झाला की मित्रांनी नवा करून देण्याची तयारी दाखविली. त्याने ती नम्रपणे नाकारली.

पगाराची जागा मिळावी म्हणून त्याने १७५८ साली अर्ज केला. ती दुसऱ्यास मिळाली. १७६४ साली काव्यशास्त्राच्या अध्यापकाची जागा त्यास देऊ करण्यात आली; आपला तो विषय नव्हे म्हणून त्याने ती घेतली नाही. १७६६ साली राजवाड्यातील ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपालाची वर्षास ६२ थेलर पगाराची जागा मिळाली, ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याची पहिली कायम मिळकत. पुढे एर्लांगेन व येना येथून बोलावणी आली, तरी तो गाव सोडून गेला नाही. शेवटी १७७० साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो आपल्याच विद्यापीठात तर्कशास्त्र व तत्त्वमीमांसा या विषयांचा प्राध्यापक झाला. बिनपगारी अध्यापनाची ती पंधरा वर्षे वाचताना मला आपल्या समाजातील, विनाअनुदानित शाळांतून उमेदीची वर्षे काढलेली अनेक मंडळी आठवली.

त्याच्या शिकविण्याची रीत काय होती? प्रशियाच्या सरकारचा नियम असा की, प्रत्येक अध्यापकाने छापील क्रमिक पुस्तक धरूनच शिकविले पाहिजे. कांटने तर्कशास्त्रासाठी मायर याचे व तत्त्वमीमांसेसाठी बाउमगार्टेन याचे पुस्तक लावले होते. पुस्तक समोर उघडे असे. परंतु त्यातील वाक्य घेऊन तो त्यास प्रश्न विचारी, त्याची व्याख्या अपुरी कोठे पडते ते दाखवी, स्वतः एक व्याख्या करून पाही, तीही मोडी, आणि असे करीत करीत विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन नेमक्या अर्थापर्यंत पोचे. सिद्ध झालेला विचार त्यांच्या ओंजळीत टाकावयाचा नाही, विचार करावयास शिकवावयाचे, हा त्याचा बाणा. १७६५ सालच्या व्याख्यानांच्या जाहीर पत्रकात त्याने तो स्पष्टपणे मांडला आहे. शाळेतून नुकताच आलेला मुलगा तत्त्वज्ञान शिकण्याच्या अपेक्षेने येतो. त्याने तत्त्वचिंतन करावयास शिकावे, हे त्याचे सांगणे होते. अत्यंत हुशार मुले आपली वाट आपण काढतात, म्हणून आपण मधल्या मुलांसाठी शिकवितो, असेही तो म्हणे.

प्राध्यापक झाल्यानंतर उन्हाळ्यात तर्कशास्त्र व हिवाळ्यात तत्त्वमीमांसा, सकाळी सात वाजता, हा त्याचा क्रम ठरून गेला. लांपे नावाचा पेन्शनीतला शिपाई नोकरीस होता, तो धन्याला पहाटे पाचास उठवी. शनिवारी सकाळी झालेल्या भागाची उजळणी व प्रश्नोत्तरे यांसाठी तास असे. शिकविताना तो समोरच्या एका विद्यार्थ्याकडे नजर लावी आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपले बोलणे समजते की नाही हे ओळखी. एकदा समोर बसलेल्या मुलाच्या अंगरख्याची गुंडी तुटलेली होती. त्या रिकाम्या जागेकडेच लक्ष जाऊन त्याच्या विचारांची साखळी पुनःपुन्हा तुटू लागली, अशी एक गोष्ट सांगतात.

त्याच्या विद्यार्थ्यांत हेर्डर हा पुढे मोठा ग्रंथकार झाला. तो गरीब होता म्हणून कांटने त्यास फी माफ केली. याच हेर्डरने पुढे गुरूच्या ज्ञानमीमांसेवर कडक टीकाग्रंथ लिहिला; तरीही तरुणपणच्या आपल्या या शिक्षकाचे त्याने केलेले वर्णन इतके प्रेमळ आहे की कोणत्याही शिक्षकास हेवा वाटावा. दुसरा विद्यार्थी मार्कुस हेर्त्स. हा ज्यू होता. ज्यूंना विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळणे शक्य नव्हते अशा त्या काळात, प्राध्यापकपद स्वीकारतेवेळी आपल्या प्रबंधाच्या जाहीर वादासाठी कांटने आपला साहाय्यक म्हणून हेर्त्सला निवडले.

या हेर्त्सला फेब्रुवारी १७७२ मध्ये लिहिलेल्या एका पत्रातून आपणांस कळते की, शिक्षकाला स्वतःलाच एक प्रश्न सुटेनासा झाला होता. आपल्या मनातील कल्पनेचा बाहेरच्या वस्तूशी संबंध कोणत्या आधारावर जुळतो? वस्तूने मनावर ठसा उमटविला तर गोष्ट निराळी. पण जे विचार बुद्धीतूनच निघतात ते बाहेरच्या जगाला लागू का पडावेत? इतकी वर्षे तत्त्वमीमांसा शिकविताना आपण हा प्रश्नच विचारला नाही, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. आणि याविषयीचे पुस्तक तीन महिन्यांत तयार होईल, असेही लिहून टाकले. त्या तीन महिन्यांना नऊ वर्षे लागली. या काळात त्याने जवळजवळ काहीच प्रसिद्ध केले नाही. लोक समजले की कांट संपला. मात्र त्याचे तास चालू होते.

त्याचा पेच काय होता, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. युरोपात त्या वेळी दोन पक्ष होते. एक म्हणे, खरे ज्ञान बुद्धीतून येते. दुसरा म्हणे, इंद्रियांच्या अनुभवातून येते. दुसऱ्या पक्षातील ह्यूम या स्कॉटिश पंडिताने एक खोच काढली. कोंबडा आरवतो आणि मग उजाडते, हे आपण रोज पाहतो. तरी कोंबड्यामुळे उजाडते असे कोणी म्हणत नाही. चुलीत जाळ केला की पाणी उकळते, हेही रोज पाहतो. येथे मात्र जाळामुळे पाणी उकळते असे आपण छातीठोकपणे म्हणतो. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टीच दिसल्या. मग हे 'मुळे' कोणी पाहिले? ह्यूमचे म्हणणे, ते कोणीच पाहिलेले नाही. ती मनाची सवय आहे. कांट सांगतो की या प्रश्नाने आपली झोपमोड झाली. कारण हे 'मुळे' जर केवळ सवय असेल, तर न्यूटनचे शास्त्रही सवयीवरच उभे राहते.

कांटने काढलेला मार्ग असा. ज्ञानाचा आरंभ अनुभवापासून होतो, यात शंका नाही. परंतु ज्ञानात जे जे आहे ते सर्वच अनुभवातून आलेले नसते. इंद्रिये सामग्री पुरवितात. दिक् व काल ही आपल्या पाहण्याचीच रूपे आहेत. आणि कार्यकारणासारख्या मूलभूत कल्पना बुद्धी स्वतःकडून पुरविते. गणपतीचा साचा आणि शाडूची माती यांचे उदाहरण मी त्या तीन विद्यार्थ्यांस दिले. साच्यावाचून मातीचा नुसता गोळा. मातीवाचून साचा रिकामा. तिघेही खूश झाले, मीही झालो. दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एकजण येऊन म्हणाला की, गुरुजी, साच्यात घालण्यापूर्वीची माती आपणांस पाहता येते, पण कांटच्या मते बुद्धीच्या साच्यात येण्यापूर्वीची वस्तू, म्हणजे वस्तू मुळात जशी आहे तशी, आपणांस कधीच कळत नाही. तेव्हा उदाहरण येथे लंगडे पडते. मुलाचे म्हणणे बिनतोड होते. आम्ही तो सबंध भाग पहिल्यापासून पुन्हा वाचला. साऱ्या उजळणीत त्या मुलाने स्वतःचे म्हणून उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

आता कांटच्या पुस्तकाकडे वळू. 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा', इंग्रजीत ज्यास 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' म्हणतात, हा ८५६ पृष्ठांचा ग्रंथ १७८१ साली रीगा येथील हार्टक्नोख या प्रकाशकाने काढला. कांट तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. बारा वर्षांचे चिंतन त्याने चारपाच महिन्यांत घाईघाईने कागदावर उतरविले होते. मजकुराकडे लक्ष दिले, पण तो वाचकाला सुबोध व्हावा इकडे तेवढे दिले नाही, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. मोझेस मेंडेल्सझोन या विद्वानाच्या मताची कांटला फार अपेक्षा होती. त्याने ग्रंथ बाजूस ठेवून दिला. १७८२ च्या आरंभी गटिंगेनच्या विद्वत्पत्रात परीक्षण आले; त्यात, बाहेरचे जग म्हणजे केवळ मनाच्या कल्पना असे म्हणणाऱ्या बर्कलीच्या पंक्तीस कांटला नेऊन बसविले होते. जे आपण म्हटले नाही तेच आपल्या माथी मारलेले पाहून कांट संतापला.

संतापणे साहजिक होते. परंतु वर्गाला पाठ समजला नाही तर दोष नेहमी वर्गाचाच असतो, असे समजणाऱ्या शिक्षकांपैकी तो नव्हता. १७८३ साली त्याने तोच विषय उलट बाजूने मांडणारे लहान पुस्तक लिहिले. मोठ्या ग्रंथात पाया घालून तो वर चढला होता; येथे गणित व पदार्थविज्ञान ही शास्त्रे उभी आहेतच, तेव्हा ती कशामुळे शक्य झाली, असा प्रश्न घेऊन तो पायाकडे उतरला. हे पुस्तक नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे, पुढे जे शिक्षक होणार त्यांच्यासाठी आहे, असे त्याने प्रस्तावनेत बजाविले आहे. तेवढ्यानेही समाधान न होऊन १७८७ साली मूळ ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मोठी दुरुस्ती केली. प्रस्तावना नवी लिहिली, बुद्धीच्या मूलकल्पना अनुभवास का लागू पडतात हे सिद्ध करणारे, सर्वांत अवघड म्हणून प्रसिद्ध असलेले प्रकरण संपूर्ण बदलले, आत्म्याविषयीच्या प्रकरणाचा मोठा भाग नव्याने लिहिला, आणि बाह्य जग खरे आहे याचे स्वतंत्र प्रमाण जोडले. सूर्य फिरतो असे मानून गणित जुळेना तेव्हा कोपर्निकसने पाहणाऱ्यालाच फिरविले, तसे आपण ज्ञानाच्या बाबतीत करून पाहत आहोत, ही प्रसिद्ध तुलना या नव्या प्रस्तावनेतील आहे. म्हणजे आज तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी कांटची म्हणून जी पहिली गोष्ट शिकतात, ती त्याला पहिल्या खेपेस सुचली नव्हती, निदान त्याने लिहिली नव्हती. वय त्रेसष्ट. त्या सुमारास तो विद्यापीठाचा कुलगुरूही होता.

विद्वानांत आजही वाद आहे की पहिली आवृत्ती श्रेष्ठ की दुसरी. तो वाद त्यांच्याकडे राहू द्यावा. मला नवल वाटते ते निराळेच. ज्या ग्रंथाने साऱ्या जर्मनीत खळबळ उडविली, तो ग्रंथ कांटने आपल्या वर्गास क्रमिक पुस्तक म्हणून कधी लावला नाही. मायर आणि बाउमगार्टेन यांचीच पुस्तके त्याच्या मेजावर राहिली.

येथवर गुणवर्णन झाले. परंतु चरित्र लिहावयाचे तर उणे झाकून चालणार नाही, आणि या स्मरणिकेच्या वाचकांशी तर मुळीच नाही. कांट १७५६ पासून चाळीस वर्षे भूगोल शिकवीत असे. हा त्याचा अत्यंत लोकप्रिय विषय. केनिग्सबर्गचा परिसर सोडून तो फारसा कोठे गेला नव्हता. तरी लंडनमधील वेस्टमिन्स्टर पुलाचे वर्णन त्याने असे हुबेहूब केले की ऐकणाऱ्या एका इंग्रजाने तो तेथे किती वर्षे राहिला होता, असे विचारले. हे सारे प्रवाशांची पुस्तके वाचून. मात्र त्याच पुस्तकांच्या भरवशावर या विषयाच्या व्याख्यानांतून व अन्य लेखांतून त्याने मानववंशांची प्रतवारी लावली. गोऱ्यांस वर बसविले, हिंदुस्थानातील लोकांस खाली, आफ्रिकेतील लोकांस त्याहून खाली. अनुभवाच्या सामग्रीवाचून कल्पना पोकळ असतात असे ज्याने जगाला शिकविले, त्याने जे लोक कधी पाहिलेच नाहीत त्यांच्या बुद्धीचे माप जन्मावरून काढले. हे वाचून मला वाईट वाटले, आणि थोडा रागही आला. जन्मावरून माणसाचे माप काढण्याचे दुःख काय असते, हे आपल्या देशात कोणास सांगावयास नको.

याच्या उलट बाजूस दोन गोष्टी नोंदविणे न्यायाचे होईल. १७६४ सालच्या आपल्या एका पुस्तकाच्या प्रतीत कांटने कोरी पाने बांधून घेऊन त्यांवर टिपणे केली होती. त्यांत तो लिहितो की, एके काळी आपण ज्ञानालाच मनुष्याची प्रतिष्ठा मानीत होतो व अडाणी लोकांस तुच्छ लेखीत होतो; रूसोच्या वाचनाने ते खोटे मोठेपण गळून पडले, आणि मनुष्यमात्राचे हक्क प्रस्थापित करण्यास आपल्या चिंतनाचा उपयोग होत नसेल, तर आपण साध्या मजुराहूनही निरुपयोगी आहोत. दुसरी गोष्ट, १७९५ साली, एकाहत्तराव्या वर्षी, शाश्वत शांततेवर त्याने जो निबंध लिहिला, त्यात व्यापाराच्या मिषाने हिंदुस्थानात फौजा आणून युरोपीय लोकांनी केलेल्या जुलमाचा, त्यातून उद्भवलेल्या दुष्काळ व लढायांचा त्याने उघड निषेध केला आहे. वंशांच्या प्रतवारीची आपली चूक झाली, असे मात्र त्याने कोठेही लिहिलेले नाही. तो पाठ पुन्हा घ्यावयाचा राहून गेला.

घरच्यांच्या बाबतीतही असेच काहीसे. त्याच्या बहिणींनी लोकांकडे मोलकरणीची कामे केली. त्या त्याच शहरात राहत असून वर्षानुवर्षे त्याची त्यांच्याशी फारशी भेट नसे. पैशांची मदत तो नियमाने करी, त्यात कसूर नाही. परंतु बोलणार काय, हा प्रश्न असावा. धाकटा भाऊ दूर कुर्लंडमध्ये धर्मोपदेशक होता, त्याच्या मायेच्या पत्रांस उत्तरे उशिरा आणि त्रोटक जात. शिकून मोठा झालेला मुलगा आणि मागे राहिलेले घर यांच्यामध्ये पडणारे हे अंतर आपण आपल्या डोळ्यांसमोर पाहतो. १८०३ साली कांटची शक्ती व स्मृती अगदी क्षीण झाली, तेव्हा धाकटी बहीण काटारिना बार्बारा त्याच्या शुश्रूषेसाठी घरी येऊन राहिली. ती शेवटपर्यंत त्याच्याजवळ होती.

जुलै १७९६ मध्ये त्याने शेवटचे व्याख्यान दिले. १२ फेब्रुवारी १८०४ रोजी, ऐंशी वर्षे पुरी होण्यास दोन महिने उरले असता, तो वारला. अंत्ययात्रेस सारे शहर लोटले होते. ज्याच्या आईबापांना गरिबांच्या सवलतीत मूठमाती मिळाली, त्याला प्राध्यापकांसाठी राखलेल्या जागेत, मुख्य चर्चच्या भिंतीशी, पुरण्यात आले. १९४४ सालच्या बाँबवर्षावात ते चर्च जळाले, परंतु कांटची समाधी वाचली. तेथील रशियन विद्यापीठास २००५ साली त्याचे नाव देण्यात आले, आणि २०२४ साली त्याच्या जन्मास तीनशे वर्षे झाली.

त्याच्या मेजावरील मायरचे ते क्रमिक पुस्तक मात्र हरवले नाही. कांटने त्या पुस्तकाच्या पानांआड कोरी पाने बांधून घेतली होती, आणि चाळीस वर्षे त्यांवर, समासांत, ओळींच्या मध्येही तो आपली टिपणे लिहीत गेला. म्हातारपणी ते पुस्तक त्याने येशे नावाच्या आपल्या विद्यार्थ्यास दिले. येशेने त्यावरून कांटचे तर्कशास्त्र १८०० साली छापले व पुढे तो डोर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे, प्राध्यापक होऊन गेला तेव्हा पुस्तक आपल्याबरोबर नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी आडिकेस या पंडिताने शाईचा रंग, अक्षराचे वळण, कोणती ओळ कोणत्या ओळीला चुकवून लिहिली आहे, एवढ्या खुणांवरून ती टिपणे कोणत्या वर्षांतील असावीत हे लावण्याचा प्रयत्न केला व १९१४ साली ती प्रसिद्ध केली. एकाच मुद्द्याशेजारी तीन तीन वेगळ्या काळांतील टिपणे त्यात आहेत. तरुणपणी लिहिलेले, मध्यमवयातील, आणि सर्वांत शेवटचे.